चौदाव्या शतकातला शिपाई उभा करताना: कपडे आणि चिलखत यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडातल्या एका रीएनॅक्टमेंट गटाबरोबर, म्हणजे जुना काळ त्याच्या कपड्यांसकट पुन्हा उभा करून दाखवणाऱ्या हौशी लोकांबरोबर, मी काही वर्षं चौदाव्या शतकाच्या मध्यावरचा पायदळातला शिपाई उभा करतो आहे. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी मराठी ओळखीचे तंबूपाशी येतात, शिरस्त्राण डोक्यावर घालून बघतात आणि मग तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. ती मुख्यतः इंग्लंड आणि आसपासच्या देशांची, साधारण १३४० ते १३७० या काळातली आहेत.

रीएनॅक्टमेंटचे सगळे गट सारखेच असतात का?

नाही, आणि पैसे खर्च करण्याआधी हा फरक समजून घ्या. काही गट तळ ठोकून त्या काळचं रोजचं जगणं दाखवतात: स्वयंपाक, शिवणकाम, लोहारकाम. काही ठरलेल्या नियमांनी लढाई दाखवतात. पोलंडमध्ये ग्रुनवाल्डच्या १४१० सालच्या लढाईचं असं मोठं सादरीकरण दर जुलैत होतं. तिसरा प्रकार पूर्ण ताकदीने लोखंडी शस्त्रांनी लढायच्या खेळाचा आहे. त्याचं चिलखत जाड, जड असतं आणि तळावरच्या जगण्याला उपयोगाचं नसतं. पुढची उत्तरं पहिल्या दोन प्रकारांसाठी आहेत.

मला 'मध्ययुगीन' पोशाख करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

एक साल, एक जागा आणि एक माणूस ठरवा. इंग्लंडात 'मध्ययुगीन' म्हटलं की हेस्टिंग्जची १०६६ची लढाईही त्यात येते आणि बॉसवर्थची १४८५चीही. मधली चारशेहून अधिक वर्षं एकाच पेटीत भरली, तर यादवांच्या दरबारातला माणूस पेशवाईतली पगडी घालून उभा केल्यासारखं होईल. आपल्याला ते लगेच खटकतं. तिकडच्या जाणकारांना तिकडचं तसंच खटकतं.

'१३५६, चेशरचा तिरंदाज' असं ठरवलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. चेशर हा इंग्लंडचा एक परगणा, आणि तिथल्या तिरंदाजांना राजपुत्र एडवर्डकडून हिरवं-पांढरं कापड मिळत असे, म्हणजे रंगही ठरला. माणूस ठरवताना त्याची ऐपत आधी ठरवा. १२८५च्या विंचेस्टरच्या कायद्यात कुणी कोणतं शस्त्र बाळगायचं हे मालमत्तेवरून ठरवून दिलं होतं. वर्षाला पंधरा पौंडांची जमीन असणाऱ्याला साखळी चिलखत, लोखंडी शिरस्त्राण, तलवार, सुरी आणि घोडा ठेवावा लागे. पाच पौंडवाल्याला रुईदार बंडी, लोखंडी टोपी, तलवार आणि सुरी एवढं पुरे. नवशिक्याने पाच पौंडवाला माणूस निवडावा असं मी आग्रहाने सांगतो. खर्च आवाक्यात राहतो.

आधी तलवार घेऊ की चिलखत?

दोन्ही नाही. आधी कपडे.

चिलखत कापडावर बसतं, कापडाला बांधलं जातं आणि कापडामुळेच सहन होतं. आतला शर्ट चुकीचा असेल तर काखेत चामडी सोलून निघते. जाड बंडी ढगळ असेल तर वरचं लोखंड खांद्यावरून घसरत राहतं. क्रम असा ठेवा: अंतर्वस्त्रं, शर्ट, पायांना होज, वरचा झगा, डोक्याला हूड, बूट, पट्टा. एवढ्यावर तुम्ही तळावर दिवसभर वावरू शकता. पुढच्या हंगामात जाड बंडी, शिरस्त्राण आणि हातमोजे. साखळीची जाळी त्यानंतर. मी स्वतः उलट्या क्रमाने गेलो होतो. पहिल्या वर्षी जाळी घेतली, आणि ती घालायला खाली काहीच नव्हतं म्हणून पूर्ण हंगाम ती पेटीत पडून राहिली.

आत काय घालायचे?

पुरुषांची चड्डी म्हणजे 'ब्रे': ढगळ, लिननची, कमरेला नाडीने गुंडाळून बांधलेली. धोतर नेसणाऱ्या घरातल्या माणसाला ती परकी वाटत नाही. तिच्यावर गुडघ्याच्या जरा वरपर्यंत येणारा लिननचा शर्ट.

हा शर्ट शिवायला सगळ्यात सोपा, म्हणून शिवणाची सुरुवात त्यानेच करा. सगळे तुकडे चौकोनी किंवा त्रिकोणी असतात. अंग म्हणून एक लांब पट्टा, दोन बाह्या, काखेत झब्ब्याला असते तशी चौकोनी बगल, आणि खाली घेर यावा म्हणून कळ्या. ज्यांच्या आजीने घरी झबली-झब्बे शिवले आहेत त्यांना ही बेतणी बघताक्षणी ओळखू येईल. कापड महाग होतं, त्यामुळे एक कपटाही वाया जाऊ नये अशीच कापणी दोन्हीकडे झाली. साधारण अडीच मीटर कापड लागतं. कापण्याआधी ते गरम पाण्यात धुऊन आटवून घ्या.

शिवण हाताची हवी का? निदान दिसणारी तरी. आतली टीप यंत्राने मारा आणि काठ हाताने दुमडून तुरपा, असं बहुतेक गट पहिल्या वर्षी चालवून घेतात. दोऱ्याला मेण लावलं की तो गुंतत नाही.

सुती कापड चालेल का? घरी भरपूर आहे.

शर्टासाठी नको. त्या काळच्या इंग्लंडात अंगाला लागणारं कापड लिननचं, म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याचं. कापूस भूमध्य समुद्राच्या वाटेने बाहेरून येई आणि भरण म्हणून वापरला जाई. चिलखताखालच्या रुईदार बंडीचं एक जुनं नाव 'ऍकेटन', आणि ते अरबी 'अल्-कुत्न', म्हणजे कापूस, यावरून आलं आहे.

होज म्हणजे काय? घट्ट तुमान?

तुमान नव्हे. होजचे दोन पाय वेगवेगळे असतात आणि प्रत्येक पाय वरच्या टोकाला ब्रेच्या पट्ट्याला नाडीने बांधतात. विणलेले मोजेही नव्हेत, लोकरीच्या कापडाचे शिवलेले असतात. कापड तिरकं कापतात म्हणून ते ताणलं जातं आणि पोटरीवर नीट बसतं. हे कापणं अवघड आहे. आधी जुन्या चादरीचा नमुना पायावर टाचून पाहा, गुडघा वाकवून बघा, खाली बसून बघा. होज चुकला की बाकी सगळं कितीही चांगलं असो, माणूस नाटकाच्या कपड्यांत उभा असल्यासारखा दिसतो.

उन्हाळ्यात लोकर? भाजून निघणार नाही का?

स्वेटरची लोकर डोळ्यासमोर आणू नका. ही मागावर विणून, पाण्यात मळून दाट केलेली असते. घोंगडीचा पातळ, मऊ भाऊ म्हणा. खाली लिनन असेल तर ती घाम ओढते आणि वारा खेळू देते. दुसरं कारण सुरक्षेचं आहे. तळावर उघडी चूल असते. ठिणगी पडली तर लोकर करपते आणि विझते. पॉलिस्टर मात्र वितळून कातडीला चिकटतं. मिश्रणाचं कापड घेऊच नका. विकणाऱ्याचा शब्द प्रमाण न मानता एक धागा जाळून बघा: लोकर जळलेल्या केसांचा वास देते आणि राख बोटांत चुरते, पॉलिस्टरची कडक गोळी होते.

या कपड्यांचे खरे नमुने आजही पाहता येतात. ग्रीनलंडमधल्या हेर्योल्फ्सनेसच्या दफनभूमीत १९२१ साली उत्खनन झालं. गोठलेल्या जमिनीने तिथले झगे आणि हूड टिकवून ठेवले होते. ते आता कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. स्वीडनमध्ये बोक्स्टेनच्या दलदलीत १९३६ साली एका माणसाचा सांगाडा त्याच्या झग्यासह, आवरणासह, होज आणि लांब शेपटीच्या हूडसह सापडला. पहिला झगा आणि हूड करताना कल्पना लढवू नका, यांच्यातलाच एक नमुना घ्या.

रंग कोणते घ्यावेत? सगळे तपकिरी आणि मळकट होतं ना?

हा समज चित्रपटांचा. तीन वनस्पतींवर बरंच काही रंगत असे: वोडपासून निळा, वेल्डपासून पिवळा, मॅडरच्या मुळांपासून लाल. वोडमधलं रंगद्रव्य आपल्या निळीतलंच, आणि मॅडर ही मंजिष्ठेची सख्खी बहीण. पिवळ्यावर निळा चढवला की हिरवा. गडद, एकसारखा रंग महाग पडे, फिका स्वस्त. म्हणून साध्या शिपायाला विटकरी लाल, फिका निळा किंवा मेंढीचा नैसर्गिक करडा रंग शोभतो. १३६३च्या इंग्लिश कायद्याने तर नांगऱ्या, गाडीवान अशांना ब्लँकेट आणि रसेट या जाडसर लोकरीखेरीज दुसरं कापड वापरायला मनाई केली होती. अशी मनाई करावी लागली, म्हणजे लोक ऐपतीपेक्षा भारी कापडं घालत असणार. ही गोष्ट मला फार आवडते.

बूट?

उलटे शिवून मग सुलटे केलेले चामड्याचे बूट: एका थराचा तळ, टाच नाही. ओल्या गवतावर घसरतात, आणि पहिले दोन दिवस पोटऱ्या दुखतात, कारण आपल्याला टाचेची सवय असते. चिखलासाठी खाली लाकडी खडावा बांधत. बूट मात्र चांगल्या कारागिराकडूनच घ्या, इथे काटकसर नको.

गॅम्बेसन किती जाड हवे?

गॅम्बेसन म्हणजे थरांची किंवा भरण घालून उभ्या शिवणी मारलेली बंडी. गरीब शिपायाचं तेच चिलखत आणि श्रीमंताच्या जाळीखालचं अस्तरही तेच. म्हणून जाडी वापरावर ठरते. फक्त बंडीवरच लढणार असाल तर जाड. वर जाळी येणार असेल तर पातळ, नाहीतर हात खाली येणारच नाहीत.

विकत घेताना बाहीचा जोड बघा. दोन्ही हात डोक्यावर नेल्यावर बंडीचा खालचा काठ कमरेवर चढता कामा नये. लिऑनच्या वस्त्रसंग्रहालयात शार्ल द ब्ल्वाचं म्हणून सांभाळलेलं एक अंगरखं आहे. हा सरदार १३६४ साली ओरेच्या लढाईत मारला गेला. त्याच्या बाहीचा जोड छातीवर आणि पाठीवर मोठा गोल घेऊन येतो, त्यामुळे हात कसाही फिरवला तरी अंग ओढलं जात नाही. हीच कापणी तुमच्या शिंप्याला दाखवा.

बंडी धुता येत नाही. तिला घाम लागू नये म्हणून तर खाली शर्ट. रोज संध्याकाळी ती उलटी करून वाळवा.

साखळी चिलखत घेताना काय पाहावे?

प्रत्येक कडी चार कड्यांत अडकलेली असते, हे सगळ्याच जाळ्यांत सारखं. फरक कडी बंद कशी केली आहे त्यात. स्वस्त जाळीत तारेची टोकं नुसती एकमेकांना टेकवलेली असतात आणि जोराचा घाव बसला की उघडतात. त्या काळच्या कड्यांची टोकं चपटी करून, भोक पाडून रिव्हेटने, म्हणजे ठोकून बसवलेल्या बारीक खिळ्याने, जोडत. भारतातल्या संग्रहालयांतही सतराव्या-अठराव्या शतकातल्या रिव्हेट केलेल्या जाळ्या आहेत. भिंग घेऊन गेलात तर रिव्हेटचा बारीक उंचवटा दिसेल. नुसत्या टेकवलेल्या कड्यांची जाळी घेऊच नका. थांबा, पैसे साठवा.

वजन लांबीप्रमाणे साधारण आठ ते चौदा किलो. ते सगळं खांद्यावर ठेवलंत तर तासाभरात मान धरते. कमरेला पट्टा घट्ट बांधा आणि जाळी वरून थोडी ओढून पट्ट्यावर सैल सोडा. निम्मं ओझं कमरेवर उतरतं. काढताना पट्टा सोडायचा, पुढे पूर्ण वाकायचं, हात जमिनीकडे सोडून अंग हलवायचं. जाळी आपल्याच वजनाने डोक्यावरून निघून पडते. केस मात्र आधी बांधा.

जाळी काप अडवते, मार नाही, म्हणून खाली बंडी हवीच. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ला शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत चढवलं होतं, ही कथा आपल्याला लहानपणापासून पाठ असते. तिथे ते लपवायचं होतं. इथल्या शिपायाला लपवायचं काही नव्हतं, म्हणून जाळी बंडीच्या वर दिसते.

शिरस्त्राण कोणते?

सुरुवातीला 'केटल हॅट', म्हणजे पालथ्या कढईला काठ असावा तशी लोखंडी टोपी. चेहरा मोकळा, ऐकू नीट येतं, श्वास घेता येतो, आणि बराच मोठा काळ ती वापरात होती. तिच्यानंतर बॅसिनेट: निमुळत्या माथ्याचं, मानेवर जाळी सोडलेलं.

लोखंडी शस्त्रांशी गाठ असेल तर पत्रा किमान दीड मिलिमीटरच्या पुढचा हवा. शोभेच्या वस्तू म्हणून विकली जाणारी पातळ शिरस्त्राणं लढाईत उतरवू नका. आत लिननची भरलेली गादी आणि हनुवटीचा पट्टा असलाच पाहिजे. माप घेताना गादी आणि कापडी टोपी धरूनच डोक्याचा घेर मोजा. सगळ्या सामानात एकाच वस्तूवर जास्त खर्च करणार असाल तर तो यावर करा.

पत्र्याचे चिलखत कधी?

चकाकणारं सर्वांगीण पोलादी चिलखत पंधराव्या शतकाचं. आपल्या काळात छातीला 'कोट ऑफ प्लेट्स' होता: कापडाच्या किंवा चामड्याच्या बंडीला आतून लोखंडी पट्ट्या रिव्हेट केलेल्या. बाहेरून फक्त रिव्हेटच्या डोक्यांच्या ओळी दिसतात. चित्रपटांतलं 'खिळे ठोकलेलं चामडं' या ओळी पाहून, आतलं लोखंड न कळल्यामुळे जन्माला आलं असावं असं मला वाटतं.

याबद्दलचं आपलं ज्ञान एका दुःखद जागेतून आलं आहे. २७ जुलै १३६१ला डेन्मार्कच्या राजाच्या सैन्याने गोटलंड बेटावर व्हिस्बी शहराबाहेर शेतकऱ्यांची फौज कापून काढली. प्रेतं सामूहिक खड्ड्यांत पुरली गेली, बरीचशी अंगावरच्या चिलखतासकट. विसाव्या शतकात ते खड्डे उघडले तेव्हा सुमारे पंचवीस कोट ऑफ प्लेट्स आणि जाळीच्या कित्येक टोप्या मिळाल्या. काही टोप्यांत कवट्या अजून होत्या. आपण जे उत्साहाने शिवतो आणि ठोकतो त्याचे नमुने या माणसांच्या अंगावरून आले आहेत. तळावर मुलं विचारतात तेव्हा मी हे सांगतोच.

इतके लोखंड घालून हालचाल कशी करतात? घोड्यावर यारीने चढवत ना?

नाही. पूर्ण पोलादी चिलखतही वीस-पंचवीस किलोचं आणि अंगभर वाटलेलं असतं. फ्रान्सचा सेनानी बूसिको चिलखत घालून कोलांटी मारत असे असं त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवलं आहे. दमवतो तो उष्मा. दर अर्ध्या तासाला पाणी प्या, मीठ घ्या, आणि चक्कर येतेय असं वाटलं तर लाज न बाळगता रांगेतून बाहेर या. शिरस्त्राण सगळ्यात आधी काढा.

माझा रंग सावळा आहे. मी युरोपातला शिपाई कसा दिसेन?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, म्हणून मी मोठ्याने उत्तर देतो. जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या कथीड्रलमध्ये सुमारे १२४०-५०चा संत मॉरिसचा दगडी पुतळा आहे. अंगभर जाळी, त्यावर पट्ट्यांचं चिलखत, आणि चेहरा स्पष्टपणे आफ्रिकी. कोट ऑफ प्लेट्सच्या सगळ्यात जुन्या पुराव्यांमध्ये हा पुतळा मोजतात. चिलखताचा अभ्यास करणारा प्रत्येकजण त्याच्यापाशी येतो. तुमचे कपडे नीट असतील तर तुम्ही नीट दिसाल.

स्त्रियांनी काय घालावे?

आत लिननचा लांब झगा, वर अंगासरशी बसणारा लोकरी कर्टल, समोर नाडीने किंवा बटणांनी बंद होणारा. खालचा घेर पुन्हा कळ्यांचाच. विवाहित स्त्रीचं डोकं झाकलेलं असे, लिननच्या ओढणीसारख्या कापडाने. डोक्यावर पदर घ्यायची सवय असलेल्या आमच्या गटातल्या एका काकूंनी ते कापड पहिल्याच दिवशी असं टाचलं, की जुन्या सदस्या त्यांच्याकडे शिकायला बसल्या. रणांगणावर उतरायचं असेल तर अनेक गटांत स्त्रिया पुरुषी पोशाख करून लढतात. आधी विचारून घ्या.

चष्मा, मंगळसूत्र, जानवे?

चष्मा तेराव्या शतकाच्या शेवटी इटलीत आला, आणि त्रेविसोतल्या १३५२च्या भित्तिचित्रात एक धर्मगुरू तो नाकावर ठेवून लिहिताना दिसतो. पण त्याला कानामागच्या काड्या नव्हत्या आणि तो वाचण्यासाठी होता, म्हणून साध्या शिपायाने कॉन्टॅक्ट लेन्स वापराव्यात. त्या चालत नसतील तर चष्मा घाला. डोळे आधी. मंगळसूत्र आणि जानवं शर्टाच्या आत. लढाईला उतरताना गळ्यातलं धातूचं सगळं काढून ठेवावं, घावाने ते मांसात रुततं. घड्याळ तंबूत.

हे सगळे भारतातच बनते म्हणे. तिकडून मागवू का?

खरं आहे. डेहराडून, मेरठ या भागांतल्या कारखान्यांतून जगभरच्या रीएनॅक्टरांकडे जाळ्या, शिरस्त्राणं आणि तलवारी जातात. तुमच्या इंग्लिश शेजाऱ्याच्या अंगावरची जाळी बहुधा आपल्याच देशातल्या हातांनी एकेक रिव्हेट ठोकून केलेली असते. मला ती ओळखता आली की बरं वाटतं. सुटीत गेलात तर स्वतः हाताळून घ्या. दर्जा मात्र कारखान्यागणिक बदलतो. एकदा मी फोटो बघून मागवलेल्या शिरस्त्राणाचा पत्रा सांगितल्यापेक्षा बराच पातळ निघाला. तेव्हापासून पत्र्याची जाडी, रिव्हेटचा प्रकार आणि आतलं माप लेखी मागतो.

गंज?

येणारच. वापरल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा, हवा लागेल असं ठेवा. जाळी पूर्वी पिंपात वाळूबरोबर घालून लोळवत. झाकणाच्या डब्यात वाळू घालून तुम्हीही ते करू शकता, आणि मुलं हे काम आनंदाने करतात.

तलवार घेऊन प्रवास कसा करायचा?

धार नसलेली, कडा किमान दोन मिलिमीटर जाड, टोक गोल, अशीच तलवार गट स्वीकारतात. इंग्लंडात योग्य कारणाशिवाय सार्वजनिक जागी पातं बाळगणं गुन्हा आहे. बंद पिशवीत, गाडीच्या डिकीत ठेवा आणि कार्यक्रमाचं निमंत्रणपत्र जवळ असू द्या. वाटेत चहाला थांबलात तरी पिशवी उघडू नका.

पहिल्या दिवशी काय घेऊन येऊ?

लिननचा शर्ट झाला असेल तर तो. नसेल तर नुसते या. गटाच्या पेटीत पाहुण्यांसाठी एक झगा, हूड आणि होजचे दोन जोड असतात. बुटांचं माप आधी कळवा, कारण उसने बूट फक्त तीनच मापांचे आहेत. लाकडी वाडगा आणि चमचा आणलात तर दुपारचं गरम जेवण आमच्याबरोबर होईल.